पन्नास हर्ट्झची थाप, काकांचा अँप आणि माझे ४७,५०० रुपये

गिटारचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर, दुरुस्तीला देऊन मी फसलो. आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. ४७,५०० रुपये. पाच हप्त्यांत, साडेतीन महिन्यांत, माझ्याच फोनवरून, माझ्याच अंगठ्याने. वर आतला माल गेला तो वेगळा, त्याची किंमत लावायला बसलो की झोप येत नाही.

अँप काकांचा. काका मर्चंट नेव्हीत होते, १९७४ साली त्यांनी तो परदेशात कुणाकडून तरी जुनाच घेतला आणि बोटीवरून घरी आणला. अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब, काळ्या पॅनेलचा, ट्यूबवाला (म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा), २२ वॅटचा. आतल्या ट्यूबच्या तक्त्यावर 'पीएच' असा शिक्का. फेंडरच्या त्या शिक्क्यात पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं, आणि मोजणी १९५१ पासून. म्हणजे ऑगस्ट १९६६. काका गेल्यावर काकूंनी तो मला दिला. म्हणाल्या, "एकदा वाजवून दाखव रे, त्यांच्या खोलीत आवाज नाही आता."

पन्नास वर्षांहून जुना ट्यूब अँप थेट प्लगला लावायचा नसतो, एवढं मला कळत होतं. वीजसाठा करणारे मोठे फिल्टर कॅपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत कोरडे पडतात. अचानक पूर्ण दाब दिला तर फुटतात आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. म्हणून मी सिरीज बोर्डावर, ६० वॅटचा बल्ब मध्ये घालून हळूच चालू केला. घूंऽऽ असा हमिंगचा आवाज आला, बंद केला आणि दुरुस्त करणारा शोधायला लागलो. इथपर्यंत माझं काहीही चुकलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

जो सापडला त्याचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. 'रिस्टोरेशन' म्हणायचा, दुरुस्ती नाही. मी त्याला सर म्हणायचो, तो मला दादा. पहिल्याच भेटीत सर्किटचा नंबर, एबी ७६३, न बघता सांगितला. (तो नंबर कुणालाही पाच मिनिटांत सापडतो. मला तेव्हा वाटलं, काय अभ्यास आहे!) अंदाज सांगितला १८,००० चा आणि ८,००० आगाऊ घेतले. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं भलत्याच बाईचं. "वहिनींचं खातं आहे, दादा." या एका वाक्यावर आजवर किती जणांचे पैसे गेले असतील देव जाणे, आणि आपण सगळे ते ऐकून पुढे पिन टाकतोच.

अठरा दिवसांनी फोन आला. आता नीट वाचा, कारण मी नीट ऐकलं नव्हतं.

"दादा, अमेरिकन अँप आहे. ६० हर्ट्झवर चालायला बनवलेला. आपल्याकडे ५० हर्ट्झ. इतकी वर्षं ५० वर चालवून आउटपुट ट्रान्सफॉर्मर भाजलाय. रिवाइंड करावा लागेल, म्हणजे तारेची गुंडाळी नव्याने."

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, बरोबर. पण तो पॉवर ट्रान्सफॉर्मर! भिंतीतली वीज त्याच्याकडे जाते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा भिंतीशी संबंधच नाही, तो पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधे बसतो, त्याच्यातून जातो तो गिटारचा आवाज. गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्झची, वरच्या तारा त्याच्याही वर. त्याला ५० काय आणि ६० काय! आणि मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. फोन कानाला लावून मी म्हणालो, "हो सर, ते तर होणारच." माझा आवाज मला आजही ऐकू येतो. तेवढ्या एका क्षणी "कुठला ट्रान्सफॉर्मर म्हणालात?" एवढे तीन शब्द बोललो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण मला त्याच्यासमोर जाणकार दिसायचं होतं. १३,५०० रुपये पाठवले.

त्यानंतर ट्यूब. आत दोन ६व्ही६ पॉवरच्या, एक जीझेड३४ रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारी) आणि सहा छोट्या होत्या. काकांनी जीझेड३४ कधीतरी बदलून मलार्ड या नावाजलेल्या ब्रिटिश कंपनीची बसवली होती, तिच्या काचेवर खाली बारीक कोरलेला कोड होता. "सगळ्या थकल्यात दादा, जुन्या साठ्यातल्या न वापरलेल्या, जोडी जुळवलेल्या मिळवल्यात." ११,८०० रुपये. मी जुन्या ट्यूब परत मागितल्या का? मागितल्या. "फेकल्या हो, काच फुटलेली होती." सगळ्या नऊच्या नऊ फुटल्या होत्या का, हे विचारायचं राहून गेलं.

मग आला 'टोन सेशन'. याचे वेगळे ४,५०० रुपये. मला समोर बसवलं, गिटार हातात दिली, दिवे मंद केले. ट्रेबल सहावर, बेस तीनवर, व्हॉल्यूम चारवर. बटण अर्धा काटा फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ऐकलंत? मिड्स उघडले." मीही डोळे मिटून मान हलवली. मिड्स म्हणजे मधले सूर, आणि डिलक्स रिव्हर्बला मिडचं बटणच नसतं. ट्रेबल आणि बेस दोनच, मिडच्या जागी आत ६.८ किलोओहमचा एक ठरलेला रेझिस्टर असतो. बंद दाराआड मिड्स उघडले म्हणे! खालच्या तारेवर आवाज पोकळ वाटत होता, पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा. मी घाबरत घाबरत म्हणालो. उत्तर आलं, "नवे कॅपॅसिटर आहेत, शंभर तास वाजू दे, मग टोन बसेल. आणि दादा, खरा व्हिंटेज आवाज पहिल्यांदा सगळ्यांनाच असा वाटतो, कान तयार व्हावा लागतो." कानाचा विषय निघाला की वादकाची बोलती बंद होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नवा कॅपॅसिटर वाजून वाजून थोडाफार बदलेल, नाही असं नाही, पण गेलेला बेस शंभर तासांनी परत येत नसतो.

शेवटचे ९,७०० दिले आणि अँप घरी आणला. चासीच्या, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, स्क्रूवर स्टिकर: 'उघडल्यास गॅरंटी रद्द'. सोबत जुन्या भागांची एक पिशवी. मी मोजले, तीन कॅपॅसिटर. या अँपच्या खालच्या झाकणात मोठे फिल्टर कॅपॅसिटर पाच असतात. मी पिशवीची गाठ मारली आणि ठेवून दिली. का, ते मला विचारू नका.

पाच आठवड्यांनी एका पॉवर ट्यूबच्या आतली प्लेट लालबुंद झाली. तेव्हा एका निवृत्त रेडिओ मेकॅनिककडे गेलो, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांनी स्टिकर नखाने काढला, आधी कॅपॅसिटरमधला दाब रेझिस्टर लावून उतरवला (वायर काढल्यावरही आत ४०० व्होल्टच्या वर उरू शकतात, हौशी लोकांनो, हात घालू नका) आणि मग गप्पच बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "अहो, यातलं काकांचं काय उरलंय ते सांगा."

निळे जुने सिग्नल कॅपॅसिटर गायब, त्यांच्या जागी स्वस्तातले. मोठे पाचही बदललेले खरे, पण दोन कमी व्होल्टेजचे. जीझेड३४ वर 'मलार्ड' असं छापलेलं, पण काचेवर कोरलेला कोड नाही. छापलेलं नाव पुसता येतं, छापताही येतं. बायस, म्हणजे ट्यूबमधून किती प्रवाह जाऊ द्यायचा ती जुळणी, असा की ट्यूबमधून ३१ मिलीअँपिअर, प्लेटवर ४२० व्होल्ट. गुणाकार करा, १३ वॅट येतात. ६व्ही६ ची मर्यादा १२ ची, आणि शहाणा माणूस ती सत्तर टक्क्यांवर, म्हणजे साडेआठच्या आत ठेवतो. 'टोन सेशन'मध्ये मीटर एकदाही बाहेर आला नव्हता! ज्याच्या टेबलावर मीटर नाही आणि तोंडात 'उबदार', 'मखमली' असले शब्द आहेत, त्याच्यापुढून उठून या.

आणि ट्रान्सफॉर्मर. रिवाइंड वगैरे काही नाही, दुसराच होता, आकाराने लहान. 'गंज काढून रंग दिलाय' असं त्याने मला सांगितलं होतं, तो रंग वर कारखान्याचा कोड नाही हे झाकायला. त्यांनी स्पीकरच्या बाजूला एक व्होल्ट दिला, पलीकडे २९ च्या आसपास यायला हवे होते, आले २२. खालची ई तार पोकळ का वाजते ते दोन मिनिटांत कळलं. स्पीकरला मात्र त्याने हात लावला नव्हता. तो मागून सहज दिसतो, त्याच्यावर स्पीकर बनवणाऱ्या जेन्सन कंपनीचा २२० चा आकडा आहे, तेवढा मी ओळखतो हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. कॅपॅसिटर झाकणाखाली, त्यांना गोष्ट लागत नाही. ट्रान्सफॉर्मर मागून वाकून पाहिला तर दिसतो, म्हणून त्याच्यासाठी ५० हर्ट्झची गोष्ट.

अँप धोक्याबाहेर आणायला त्या गृहस्थांनी ६,३५० घेतले, सगळे जुने भाग मोजून हातात दिले. फरक एवढाच असतो.

आता पोलीस. "काय चोरीला गेलं, गिटार?" नाही, गिटारचा अँप. "म्हणजे स्पीकर." स्पीकर आहे, आतला ट्रान्सफॉर्मर बदललाय. "ट्रान्सफॉर्मर? मग वीज मंडळात जा." हे मी बनवून सांगत नाही. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, म्हणाले, "वस्तू दिली, पैसे दिले, वस्तू परत मिळाली, हा दिवाणी मामला आहे." मी भारतीय न्याय संहितेची ३१६ आणि ३१८ कलमं छापून नेली होती, विश्वासघात आणि फसवणूक. कागद न उघडता परत दिला. वर विचारलं, "जुना काढून नवा घातला, तर तक्रार कशाची?" चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का संपलाय. शिक्का! संपतो! बँकेत गेलो, तर "तुम्हीच पिन टाकलात ना?" वहिनींच्या खात्याबद्दल विचारलं, तर ग्राहकाची माहिती गोपनीय. माझे पैसे उघड, तिचं नाव गोपनीय.

ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत जायचं, हे लक्षात ठेवा. गेलो. तिथल्या खिडकीवर मूळ भाग मूळच होते याचा पुरावा मागितला आणि १९७४ च्या खरेदीची पावती. काका असते तर मीही त्यांच्याकडे मागितली असती. रेडिओवाले गृहस्थ लिहून द्यायला तयार नाहीत, "या वयात मला कोर्टात नका ओढू," आणि त्यांचं खरंच आहे.

पुरावा म्हणून माझ्याकडे एकच फोटो. दुरुस्तीला देण्याआधी, पेटलेल्या ट्यूब दाखवून मित्रांमध्ये मिरवायला काढलेला. कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर, मोठा केला की वाचता येतं: ६०६-६-२८. ६०६ म्हणजे शूमाखर, ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी, पुढे १९६६ चा अठ्ठाविसावा आठवडा. शेजारी भागाचा नंबर १२५ए१ए. तुमचा अँप कुणालाही देण्याआधी असे पन्नास फोटो काढा, आतून, बाहेरून, प्रत्येक कोडचे, आणि यादीवर त्याची सही घ्या. सही द्यायला का-कू करणाऱ्याकडून अँप तसाच उचलून आणा. मी मिरवायला काढला म्हणून निदान एक तरी आहे.

रोज रात्री जुन्या सुट्या भागांच्या जाहिराती चाळतो आणि ट्रान्सफॉर्मरवरचा तो आकडा शोधतो. आयोगाची तारीख दोनदा पुढे गेली.

काकू परवा पुन्हा म्हणाल्या, "वाजतो का रे?" वाजतो, म्हटलं. खालच्या तारेला हात न लावता एक धून वाजवून दाखवली.