हिरवी खूण आली, नोंद मात्र कुठेच नव्हती

आम्ही जनरेटर आणि यूपीएसच्या मेंटेनन्सचं काम करतो. टेक्निशियन साइटवर जातो, अवर मीटरचं (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग घेतो, बॅटरीचं व्होल्टेज, ऑइल, कूलंट, फिल्टर बघतो, फोटो काढतो आणि सर्व्हिस रिपोर्टवर ग्राहकाची सही घेतो. पुढचं सगळं या नोंदीवर चालतं. ऑइल कधी बदलायचं, बिल कधी काढायचं, वॉरंटीचा क्लेम टिकेल का, सगळं. नोंद गेली की केलेलं काम न केल्यात जमा होतं. आम्हाला मोबाइल ॲप विकणाऱ्या कंपनीमुळे आमच्या साडेचार महिन्यांच्या नोंदींची अशीच वाट लागली. तुम्ही असं ॲप घ्यायच्या बेतात असाल तर सही करण्याआधी हे वाचा.

आधी आमच्याकडे विंडोजवर चालणारे जुने हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून नोंदी भरायची मशीन होती. जड, स्क्रीन बारीक, स्टायलसने टोचत बसायचं. पण भरलेला फॉर्म त्या मशीनमध्येच राहायचा आणि संध्याकाळी डॉकवर ठेवलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरायचा. मायक्रोसॉफ्टने त्यांतल्या विंडोजचा, म्हणजे विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड 6.5 चा सपोर्ट जानेवारी 2020 मध्ये बंद केला. त्यानंतरही आम्ही ती मशीन रेटत राहिलो. शेवटी बॅटऱ्याही मिळेनात, तेव्हा अँड्रॉइडवर जायचं ठरवलं.

डेमोला मी एकच प्रश्न धरून बसलो होतो. जनरेटर बहुतेक बेसमेंटमध्ये असतात, तिथे नेटवर्क नसतं, मग फॉर्मचं काय? "सर, हाच तर आमचा प्लस पॉइंट," असं म्हणून सेल्सवाल्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकला, सगळ्यांना स्क्रीन दाखवली, फॉर्म भरला आणि सेव्ह दाबलं. हिरवी खूण आली. मग एअरप्लेन मोड काढला आणि दोन-तीन सेकंदांत ती नोंद भिंतीवरच्या स्क्रीनवर उमटली. माझं समाधान झालं. फॉर्म त्याने नेटवर्क असतानाच उघडून ठेवला होता, आणि सेव्ह केल्यापासून नेटवर्क येईपर्यंत त्याने ॲप एकदाही बंद केलं नाही की कॅमेरा उघडला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ॲप सुरू झालं. पहिले काही आठवडे एखाद-दुसरी नोंद गायब व्हायची, आम्ही ते सवय नसल्याच्या खात्यावर टाकलं. मग एका ग्राहकाने बिल अडवलं. म्हणाला, ऑइल बदललंच नाही, तुमच्याच रिपोर्टमध्ये तसं काही नाही. मी बघितलं तर त्या दिवशीची नोंद खरंच नव्हती. ॲपमध्ये फोनचं ठिकाण दाखवणाऱ्या नकाशावर आमच्या टेक्निशियनची टाचणी साइटपासून बरीच लांब, भलत्याच रस्त्यावर दिसत होती.

ते आमच्याकडचे सर्वांत जुने टेक्निशियन. सगळे त्यांना काका म्हणतात. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दोघातिघांसमोर विचारलं, "काका, तुम्ही गेला होता की नाही?"

"साहेब, मी खाली बेसमेंटमध्ये होतो. हिरवी खूण आल्यावरच वर आलो."

मी विश्वास ठेवला नाही. अनेक वर्षं काम बघितलेल्या माणसापेक्षा मला नकाशावरची टाचणी खरी वाटली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी काही न बोलता खिशातली डायरी टेबलावर ठेवली. पानाच्या कोपऱ्यावर ऑइलचा अंगठा उमटलेला. तारीख, अवर मीटर 1612, ऑइल आणि फिल्टर बदलला, बॅटरी 12.6, खाली जुन्या फिल्टरचा नंबर. मी साइटवर जाऊन गेटवरचं रजिस्टर काढायला लावलं. त्यात काकांची आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ होती, त्यांच्याच अक्षरात. ऑफिसात परत येऊन त्याच लोकांसमोर मी काकांची माफी मागितली.

टाचणीचं कारण समजायला फारसा वेळ लागला नाही. बेसमेंटमध्ये जीपीएसचा सिग्नल पोचत नाही, मग फोन मोबाइल टॉवर आणि वाय-फायवरून ठिकाणाचा अंदाज बांधतो. तो अंदाज कित्येकदा शेकडो मीटर चुकतो. अँड्रॉइड प्रत्येक ठिकाणासोबत अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये देतं. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात फोन असण्याची शक्यता 68 टक्के, असा त्याचा अर्थ. या ॲपने तो आकडा गाळून नुसती टोकदार टाचणी दाखवली होती. तुमच्या नकाशावर वर्तुळ दिसत नसेल तर त्यावरून कोणाची हजेरी ठरवू नका.

नोंदींचं कोडं सोडवायला मी आणि काका फोन घेऊन त्याच बेसमेंटमध्ये उतरलो. पहिल्यांदा फॉर्म सेव्ह केला, ॲपला हात न लावता वर आलो. नोंद पोचली. दुसऱ्यांदा सेव्ह केल्यावर कॅमेरा उघडून मीटरचे चार फोटो काढले आणि वर आलो. ॲप पहिल्यापासून लोड झालं, फॉर्म कोरा. तिसऱ्यांदा सेव्ह करून फोन बंद करून चालू केला. पुन्हा कोरा. हिरवी खूण मात्र तिन्ही वेळा आली होती. ॲप म्हणजे आत गुंडाळलेली वेबसाइट होती. नेटवर्क नसताना भरलेलं सगळं फोनच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत पडून राहायचं, स्टोरेजमध्ये लिहिलंच जात नव्हतं. कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते, त्यामुळे ती कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेली ॲप बंद करतं आणि त्याबरोबर रॅममधला फॉर्मही जातो. आणि फोटो काढल्याशिवाय आमचं एकही काम पूर्ण होत नाही.

इथपर्यंत मी याला निष्काळजीपणा म्हणायला तयार होतो. पण सपोर्टला लिहिल्यावर जे उत्तर आलं, त्याच्या खाली त्यांच्या आपसातल्या मेलची साखळी तशीच राहिली होती. त्यात आमच्या सेल्सवाल्याने आमच्या डेमोच्या आधीच्या तारखेला हाच प्रश्न विचारला होता, आणि ऑफलाइन स्टोरेज पुढच्या व्हर्जनमध्ये येईल, तोपर्यंत डेमोत ॲप बंद करू नका, असं त्याला कळवलेलं होतं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं.

करारात "ऑफलाइन-रेडी" असा शब्द होता. आम्ही बोट ठेवलं तेव्हा ते म्हणाले, रेडी म्हणजे ती सोय पुढे जोडता येईल असं. मजबूत म्हणून त्यांनीच गळ्यात मारलेल्या नव्या अँड्रॉइड हँडहेल्डचीही तीच गत. माहितीपत्रकात धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग आयपी 67, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. बॅटरी काढून आतली पट्टी वाचली तर आयपी 54, म्हणजे फार तर उडालेलं पाणी सोसेल. पट्टी आम्ही खरेदीच्या दिवशीच वाचायला हवी होती.

आम्ही सोडतो म्हटल्यावर दुसरा फास आवळला. जी माहिती पोचली होती ती तरी द्या म्हटलं, तर एकेका रिपोर्टची वेगळी पीडीएफ हातात ठेवली. एक्सेलमध्ये हवी असेल तर वेगळी फी. ती भरल्यावर आलेल्या फाइलमध्ये फोटोंच्या जागी नुसत्या लिंक होत्या, आणि खातं बंद झाल्यावर त्यांतली एकही उघडली नाही. ग्राहकांच्या सह्या त्या फोटोंमध्येच होत्या. माहिती कोणाची, सोडून जाताना ती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळणार, मूळ फोटो त्यात असणार का, हे आमच्या करारात एका ओळीनेही नव्हतं. तुमच्या करारात ते पहिल्या पानावर लिहून घ्या. आणि चाचणीच्या काळातच एकदा सगळी माहिती बाहेर काढून बघा, देवनागरी नावं आणि शून्याने सुरू होणारे सीरियल नंबर शाबूत येतात का तेही तपासा. एक्सेल सुरुवातीची शून्यं गिळतं.

सध्या आम्ही फोनवर फॉर्म भरायचं ओडीके हे ॲप वापरतोय. 2008 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, फॉर्म एक्सेलमध्ये बनवता येतो. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यात अर्धवट फॉर्म, पाठवायला तयार फॉर्म आणि पाठवलेले फॉर्म अशा वेगळ्या याद्या दिसतात. पोचलं की नाही हे एका हिरव्या खुणेवर सोडलेलं नाही. ते घेण्याआधी बेसमेंटमधली चाचणी काकांनीच केली. सेव्ह, कॅमेरा, फोन बंद, फोन चालू, आणि मग वर येऊन यादी उघडली. फॉर्म होता.

भरलेले पैसे परत मिळालेले नाहीत, राहिलेले हप्ते आम्ही थांबवलेत आणि वाद चालू आहे. काकांच्या डायरीवरून त्यांच्या मशीनच्या नोंदी पुन्हा भरता आल्या. बाकीच्या टेक्निशियननी डायरी ठेवली नव्हती, कारण कागद बंद करा असं मीच सांगितलं होतं. त्यांच्या मशीनच्या इतिहासात तेवढे महिने रिकामे आहेत. अंदाजाने आकडे भरायचे नाहीत असं ठरवलंय, म्हणून त्या मशीनचं ऑइल आणि फिल्टर आम्ही आमच्या खर्चाने एकेक करून बदलत चाललोय.