बदामाचा छाप आणि १८१७ साल: जुन्या पिस्तुलाच्या खरेदीत झालेली फसवणूक

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या वस्तू जमवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. मी ४५ हजार रुपये देऊन चकमकीचं, म्हणजे गारेच्या ठिणगीने दारू पेटणारं, एक पिस्तूल घेतलं. पिस्तूल खरंच जुनं आहे. पण त्यावरच्या ज्या छापासाठी एवढे पैसे मोजले, तो छाप अगदी अलीकडे ठोकलेला आहे. छाप नसता तर तेच पिस्तूल दहा-बारा हजारांच्या वर कोणी घेतलं नसतं. म्हणजे उरलेली सगळी रक्कम एका बोटाच्या पेराएवढ्या खुणेची होती.

व्यापारी मुंबईचा, ओळखीतून आलेला, बोलायला अतिशय गोड. त्याने सांगितलेली हकिकत अशी: पुण्याजवळच्या एका जुन्या घराण्यातली वस्तू, खडकीच्या लढाईत कंपनीच्या स्वाराकडून हाती लागलेली. पिस्तुलाच्या घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे लॉकच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) प्लेटवर, ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह होतं. पत्त्यांतल्या बदामाचा आकार, त्याचे चार भाग, भागांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. पट्टीच्या शेपटाकडे साल कोरलेलं, १८१७. नाणी जमवणाऱ्यांना हा बदाम चांगला परिचयाचा आहे. कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ साली पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला हेच चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू असतो. माझ्याकडे त्यातली दोन आहेत. ओळखीचं चिन्ह दिसलं की विश्वास लगेच बसतो, आणि हे विकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

आता त्या सालाकडे बघा. कंपनीच्या हत्यारांवर बदामाचा छाप १८०८ च्या सुमारापर्यंतच सापडतो. त्यानंतर त्या जागी मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह येतो. म्हणजे १८१७ चं लॉक असेल तर त्यावर सिंह हवा, आणि बदाम असेल तर साल मागचं हवं. दुसरी गोष्ट, खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ ला. त्या काळी लंडनहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईला यायला जहाजाला चार-सहा महिने लागत. त्या वर्षी घडवलेलं पिस्तूल त्याच वर्षी जहाजातून उतरून, शस्त्रागारातून वाटप होऊन, नोव्हेंबरात खडकीच्या मैदानावर पोचतं, हे पटण्यासारखं नाही. लढाईचं साल सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ते पट्टीवर घातलं. छाप कोणता चालेल याची मात्र खोटा छाप मारणाऱ्याला माहिती नव्हती.

हे लक्षात आल्यावर मी ते पिस्तूल पुण्यातल्या एका काकांकडे नेलं. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी कथा ऐकूनच घेतली नाही. आधी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पट्टीवरून फिरवला. कापूस नारिंगी झाला. दोनशे वर्षांचा गंज काळपट तपकिरी असतो, धातूला घट्ट धरून बसलेला असतो, असा पुसला जात नाही. नारिंगी, पिठासारखा आणि सगळीकडे सारखा गंज म्हणजे नवसागर नाहीतर आम्ल लावून ओल्या जागी ठेवल्याची खूण.

मग त्यांनी दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या हातात दिलं आणि बदामाची डावी कड बघायला सांगितली. जुन्या गंजाने पट्टीला बारीक खड्डे पडले होते. त्यातल्या एका खड्ड्याला बदामाची रेघ मधोमध कापून गेली होती. खड्ड्याचा तळ काळा आणि रेघेचा तळ करडा, स्वच्छ. छाप आधी असता तर गंजाने छापही खाल्ला असता, रेघेची कड झिजून बोथट झाली असती. इथे आधी गंज, मग छाप. भिंगातून हे इतकं स्पष्ट दिसतं की शंकेला जागाच राहत नाही. नखानेही थोडं कळतं: ताज्या ठशाभोवती धातू वर उचलला जातो आणि त्याची बारीक कड नखाला लागते. खऱ्या जुन्या ठशाची ती कड हाताळून हाताळून केव्हाच सपाट झालेली असते.

पेच काढून लॉक बाहेर घेतलं तेव्हा उरलंसुरलं पितळही उघडं पडलं. तीन पेच हाताने घडवलेले, खाचा वेड्यावाकड्या. चौथा आजच्या हार्डवेअरच्या दुकानातला, आटे एकदम एकसारखे. विलायती कारागीर लॉकच्या आतल्या अंगाला बहुधा आपली आद्याक्षरं ठोकत, इथे आत काहीच नाही. खरी पट्टी ठसे मारून झाल्यावर केस हार्डन करत, म्हणजे तापवून तिचा वरचा थर कडक करत, त्यामुळे तिच्यावर कानस घसरते. काकांनी आतल्या, न दिसणाऱ्या कडेला बारीक कानस टेकवली, ती लगेच चावली. ठसा नीट उमटावा म्हणून कोणीतरी पट्टी तापवून मऊ केली होती. (ही परीक्षा घरी करू नका. वस्तू खरी निघाली तर तुम्हीच तिला ओरखडा पाडलेला असेल.) शेवटी नळी. कंपनीच्या पिस्तुलांच्या नळ्यांवर मागच्या टोकाशी लंडनच्या गनमेकर्स कंपनीने नळीची मजबुती तपासल्याचे ठसे असतात, मुकुटाखाली जी पी आणि मुकुटाखाली व्ही. या नळीवर वर, खाली, लाकडाआड कुठेच ठसा नव्हता. काकांच्या मते पिस्तूल इथल्याच कुठल्या संस्थानी कारखान्यात बनलेलं असावं. तशी वस्तू मला आवडतेच, पण तिच्या किमतीला.

पैसे परत मागितले तर व्यापाऱ्याने बिल पुढे केलं. बिलावर लिहिलं होतं, ‘सजावटीची जुनी वस्तू’. कंपनीचा उल्लेख नाही, सालाचा नाही, छापाचा नाही. जे तोंडी सांगतो ते सगळं बिलावर लिहायला लावा, आणि लिहीत नसेल तर तिथूनच माघारी या. त्याने मला असंही सांगितलं होतं की नातेवाइकाला परदेशी द्यायचं असेल तर ‘ही पुरातन वस्तू नाही’ असा कागद मिळवून देतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू दोनशे वर्षांची आहे असं सांगणारा माणूस ती पुरातन नसल्याचा कागद कसा देणार, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारा. ‘लायसन्स लागत नाही’ असं त्याच्या लेटरहेडवरचं पत्रही कामाचं नाही. शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला आहे, निव्वळ जुनेपणाला नाही. खात्री पोलिसांच्या परवाना शाखेतून करून घ्यावी.

ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. दरम्यान नागपूरच्या एका संग्राहकाने त्यांच्या पिस्तुलाचा फोटो पाठवला. तेही १८१७ चंच, पण सीताबर्डीच्या लढाईतलं म्हणून विकलेलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे केले. दोन्ही बदामांत ई या अक्षराची मधली दांडी अर्ध्यावर तुटलेली आहे आणि उजव्या खालच्या रेघेला एकाच जागी टवका आहे. दोन्ही ठसे एकाच पंचाने, म्हणजे ठसा ठोकायच्या एकाच हत्याराने, मारलेले आहेत. कोणी तुम्हाला बदामाचा छाप असलेलं पिस्तूल दाखवत असेल, तर पैसे देण्याआधी त्या ई ची मधली दांडी भिंगाखाली बघा, आणि तुटलेली दिसली तर फोटो काढून मला पाठवा. तक्रारीला जोडायचा आहे.