एल्फहेम की प्रिथियन? परीलोकातील दोन प्रेममालिका कोकणातल्या वाचकाच्या नजरेतून

परीलोकातील प्रेमकथा वाचायला घ्यावी असे मनात आले की बहुधा दोनच मालिकांची नावे प्रथम कानावर येतात. एक म्हणजे सारा जे. मास यांची, 2015 साली ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ या पुस्तकाने सुरू झालेली मालिका. आणि दुसरी हॉली ब्लॅक यांची, 2018 साली ‘द क्रुएल प्रिन्स’ने सुरू झालेली ‘द फोक ऑफ द एअर’ ही त्रयी. रत्नागिरीत माझ्या ओळखीच्या ज्या कॉलेजच्या मुली इंग्रजी वाचतात, त्यांना पहिलीचे नाव आधीच ठाऊक असते आणि दुसरीचे सांगावे लागते. दोन्ही मालिका मी मनापासून वाचल्या आहेत. माझे मत असे आहे की ज्याला परीलोक अनुभवायचा आहे त्याने ब्लॅक यांच्याकडे जावे आणि ज्याला प्रेमकथा हवी आहे त्याने मास यांच्याकडे. मात्र मास यांची मालिका हाती घेणार असाल, तर तिचे दुसरे पुस्तक वाचून होईपर्यंत तिच्याविषयी मत बनवू नये.

हा फरक कोकणातल्या वाचकाला लवकर जाणवेल असे मला वाटते. आपल्याकडे अदृश्य शक्तींशी माणसाचे नाते ठरावाचे असते. राखणदाराचे जे वार्षिक ठरले असेल ते चुकवायचे नसते आणि नवस बोललेल्या शब्दाप्रमाणेच फेडायचा असतो. गाऱ्हाणे घालणारा गावकार एकेक बाब नाव घेऊन देवापुढे मांडतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्यामागे ‘व्हय महाराजा’ म्हणतात, कारण जे उच्चारले गेले तेच बांधील ठरते. संध्याकाळच्या वेळी चकवा लागला तर आहे तिथेच बसून राहावे, पुढे पाऊल टाकू नये, असे जुनी माणसे सांगत. इंग्लंडातल्या लोककथांत अशा वेळी अंगातला कोट उलटा करून घालतात. म्हणजे दोन्हीकडच्या कथांत भीती आहे, पण त्या भीतीला नियमही आहेत. ज्याने हे ऐकत लहानपण घालवले, तो परीलोकाच्या कथेतही नियम शोधतो आणि ते पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवतो.

ब्लॅक या कसोटीला पुरेपूर उतरतात. एल्फहेम या त्यांच्या परीराज्यातील फे लोकांना, म्हणजे परीलोकाच्या रहिवाशांना, खोटे बोलताच येत नाही. त्यामुळे ते फसवतात तेही खऱ्या शब्दांनीच: अर्धे सांगून, प्रश्नाला बगल देऊन, वचनात एखादी पळवाट ठेवून. ज्यूड ही नायिका मात्र माणूस आहे. सात वर्षांची असताना तिच्या डोळ्यांदेखत तिच्या आईवडिलांचा खून होतो आणि ज्याने तो केला, तोच मॅडॉक नावाचा फे सेनापती तिला आणि तिच्या बहिणींना आपल्या घरी नेऊन वाढवतो. बळ, आयुष्य, रूप या सर्वच बाबतींत आजूबाजूच्यांपेक्षा उणी असलेल्या या मुलीकडे त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे खोटे बोलण्याची क्षमता. सबंध कारस्थान या एका नियमावर उभे आहे आणि तीन पुस्तकांत तो कोठेही सोयीनुसार वाकवलेला मला आढळला नाही. परीलोकातले फळ माणसाने खाल्ले की त्याचे भान हरपते आणि मीठ हा त्यावरचा उतारा. आपल्याकडे दृष्ट काढताना मुठीत मीठ-मोहरी घेतात, त्यामुळे हा तपशील मला समजावून घ्यावा लागला नाही. विषप्रयोगाला तोंड देता यावे म्हणून ज्यूड स्वतःच थोडे थोडे विष रोज घेऊ लागते आणि त्याने आजारी पडत असतानाही शाळा, तलवारबाजी, हेरगिरी हे सर्व चालू ठेवते. तिच्या स्वभावाविषयी लेखिकेला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मास यांच्याकडे नियम वेगळ्या प्रकारे येतात. एकोणीस वर्षांची फेअरा ही शिकार करून घर पोसणारी मुलगी. फे लोक खोटे बोलू शकत नाहीत आणि लोखंडाने त्यांना इजा होते, असे ती माणसांकडून ऐकत आलेली असते. प्रिथियन या फे लोकांच्या मुलुखात गेल्यावर तिला कळते की या दोन्ही समजुती खोट्या आहेत आणि खरा परिणाम होतो तो अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा. ही कल्पना चांगली आहे, कारण माणसे अज्ञात गोष्टींविषयी स्वतःची समजूत काढण्यासाठी काय काय रचतात हे तीत दिसते. दोघांत झालेला करार अंगावर गोंदणासारखा उमटतो, हीदेखील मला फार आवडलेली गोष्ट आहे. परंतु पुस्तके पुढे सरकतात तशी शक्तींना मर्यादा उरत नाही. संकट जेवढे मोठे, तेवढी नवी ताकद कोणाच्या तरी अंगी निघते, आणि तिसऱ्या पुस्तकातील युद्धात तर पणाला लागलेले काही खरोखर हरवेल याची धास्ती वाटेनाशी होते. नियमांसाठी वाचणाऱ्या वाचकाचा येथे हिरमोड होईल.

तरीही मी मास यांची मालिका बाजूला ठेवायला सांगणार नाही आणि त्याचे कारण 2016 साली आलेले दुसरे पुस्तक, ‘अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी’. पहिले पुस्तक ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या जुन्या कथेच्या चौकटीत बसते: शापित प्रासाद, मुखवट्याआड अडकलेला फे अधिपती टॅमलिन, माणसाची मुलगी आणि तीन कठीण परीक्षा. कथा तिथेच संपली असती तरी चालले असते. दुसरे पुस्तक मात्र विचारते की अशा परीक्षांतून जिवंत सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते. फेअराला रात्री-बेरात्री उलट्या होतात, चित्रे काढणे तिच्यासाठी श्वासासारखे होते तेच थांबते, आणि ज्याच्यासाठी तिने जीव पणाला लावला तो टॅमलिन तिला जपण्याच्या नावाखाली घराबाहेर पडू देत नाही. ज्या घरांत मुलीच्या काळजीचे कारण देऊन तिचे शिक्षण, प्रवास, नोकरी अडवली जाते, त्या घरांतल्या वाचकांना ही प्रकरणे परीकथा वाटणार नाहीत. पहिल्या पुस्तकात आपण ज्याला नायक मानले, त्याच्याविषयीचे मत अशा प्रकारे हळूहळू बदलायला लावणे ही या लोकप्रिय साहित्यातली मोठी कामगिरी आहे असे मी मानतो.

त्यातला एक धागा विशेष सांगण्याजोगा आहे. फेअराला नीट वाचता येत नाही. पहिल्या पुस्तकातल्या एका परीक्षेत भिंतीवर कोरलेला मजकूर वाचून तीन खटक्यांपैकी योग्य तो ओढायचा असतो आणि वरून तापलेले छत खाली येत असते. ती अक्षरे जुळवण्याची धडपड करते, घामाघूम होते, पण अर्थ लागत नाही. पुढे रायसँड हा दुसऱ्या दरबाराचा फे अधिपती तिला वाचायला शिकवतो, तेव्हा सरावासाठी देतो ती वाक्ये त्याच्याच रूपाची स्तुती करणारी असतात आणि ती चिडून का होईना, पण लिहू लागते. प्रेम आणि साक्षरता एकाच प्रसंगात इतक्या सहजतेने आलेली मी या प्रकारच्या कादंबऱ्यांत क्वचितच वाचली आहेत.

प्रेमाच्या बाबतीत ब्लॅक हात आखडता घेतात. ज्यूड आणि एल्फहेमचा राजपुत्र कार्डन यांच्यात आधी वैर आहे, तेही खरे. तो आणि त्याची मित्रमंडळी तिचा करतात तो छळ वाचवत नाही, आणि त्यानंतर त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागणे काही वाचकांना पटणार नाही. माझ्या मते लेखिकेने त्याच्या बाजूचे दुःख थोडे उशिरा उघड केले आहे. शेवटचा भाग ‘द क्वीन ऑफ नथिंग’ घाईने आवरलेला वाटतो. मास यांची अडचण याच्या उलट आहे. जोडीदाराचे बंधन जन्मतःच विधिलिखित असते, ही कल्पना त्यांनी मध्यवर्ती केल्यामुळे, ज्या नायिकेने स्वतः निवड करायला शिकावे असे कथा म्हणते, तिची निवड आधीच झालेली ठरते. शिवाय पहिल्या पुस्तकात रायसँड तिला गुंगीचे पेय पाजून दरबारात नाचवतो. त्याचे समर्थन पुढे दिले जाते, पण ते मला पुरेसे वाटले नाही.

घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी किंवा मुलासाठी पुस्तक निवडायचे असेल, तर ‘द क्रुएल प्रिन्स’च द्यावे. त्यात हिंसा आहे, क्रौर्य आहे, पण शरीरसंबंधांची वर्णने मोघम आणि थोडी आहेत. मास यांची मालिका सुरुवातीला किशोरवयीनांसाठी म्हणून विकली जात होती, तरी दुसऱ्या पुस्तकापासून तिच्यातील प्रणयदृश्ये उघड आणि सविस्तर आहेत आणि पाचव्यात ती सर्वाधिक आहेत. मुखपृष्ठ पाहून हे कळत नाही, म्हणून पालकांनी ते आधी जाणून घेतलेले बरे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकांसाठी ब्लॅक यांची वाक्ये आटोपशीर आहेत आणि निवेदन वर्तमानकाळात आहे. परीलोकातल्या प्राण्यांची अनोळखी नावे तेवढी सुरुवातीला अडखळवतात. मास यांची भाषा सोपी, पण पसरट आहे. त्यांचे पहिले पुस्तक चारशे पानांच्या वर, दुसरे सहाशेच्या आणि पाचवे सातशेच्याही वर जाते. पावसाळ्यात एवढी जाड पुस्तके कागदी घेणार असाल तर विचार करावा, कारण आषाढात आपल्याकडच्या हवेत पाने फुगतात, पुठ्ठा वाकतो आणि कण्यापाशी बुरशीचा पांढुरका थर धरतो. ही मालिका मोबाइलवर किंवा ई-वाचकावर घेणे सोयीचे. ब्लॅक यांची तीन पुस्तके मात्र आटोपशीर आहेत. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू असताना मांडवी एक्सप्रेसने मुंबईहून रत्नागिरीला यायचे झाले, तर त्यांतले एखादे पुस्तक वाटेतच बरेचसे वाचून होते.

ज्यांना दोन्ही वाचायच्या आहेत त्यांनी ब्लॅक आधी आणि मास नंतर असा क्रम ठेवावा, म्हणजे नियमांची भूक आधी भागलेली असते आणि दुसऱ्या मालिकेकडून तिला जे देता येते तेच मागितले जाते. मास यांचे 2018 सालचे चौथे पुस्तक छोटे आहे आणि त्यात फारसे काही घडत नाही. 2021 सालचे पाचवे ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’ हे फेअराच्या थोरल्या बहिणीचे, नेस्टाचे आहे. सर्वांना नकोशी झालेली, दारूत आणि रागात बुडालेली ही स्त्री डोंगरावरच्या घराच्या दहा हजार पायऱ्या उतरायचा रोज प्रयत्न करते, अर्ध्यावरून परत फिरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरू लागते. ज्यांना फेअरा फार गोड वाटली त्यांनी हे पुस्तक चुकवू नये.