फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी मोजणारं ॲप घेतलं, अडीच महिने फसलो

लिहू की नको करत होतो कारण सांगायला लाज वाटते, घरच्यांना "अनोळखी लिंक उघडू नका" म्हणून रोज ओरडणारा मीच आणि फसलो पण मीच.

बाबांना बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. घरातलं दंडाला पट्टा गुंडाळायचं मशीन बिघडलं, नवीन आणू आणू म्हणता राहिलं आणि तेवढ्यात फोनवर जाहिरात दिसली, कॅमेऱ्यावर बोट ठेवा, तीस सेकंदांत बीपी, ऑक्सिजन आणि पल्स. रेटिंग झकास, खाली हजारो कमेंट. सात दिवस फुकट होतं म्हणून टाकलं.

आता फसलो कसा ते नीट सांगतो, कारण मूर्ख म्हणून नाही फसलो, तपासून फसलो. मी आधी पल्स चेक केली. मनगटावर बोट ठेवून घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले, ७४ आले, ॲपनं ७५ दाखवले. परत केलं, परत जुळलं. मग काय, पल्स बरोबर तर बाकीचंही बरोबरच असणार असं डोक्यात बसलं आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं.

पल्स फोनला खरंच मोजता येते, ती थाप नाही. फ्लॅशचा उजेड बोटात शिरतो, प्रत्येक ठोक्याला बोटातलं रक्त किंचित वाढतं, उजेड तेवढा जास्त शोषला जातो आणि कॅमेऱ्याला तो फरक दिसतो. तेवढं एक खरं आहे आणि त्या एका खऱ्यावर बाकीचा सगळा बाजार मांडलेला आहे.

बाबा रोज सकाळी बोट ठेवायचे. १२१/७९, ११९/७८, १२३/८०. एवढे सुंदर आकडे की मी मित्रांना स्क्रीनशॉट पाठवले (हो, तेही केलं). महिनाभरानं बाबा म्हणाले, "अरे रोज नॉर्मल येतंय तर गोळी कशाला खायची उगाच?" मी म्हटलं डॉक्टरांना विचारून घ्या बाबा, पण जोर लावून नाही म्हटलं, कारण मलाही आतून तेच वाटत होतं. त्यांनी आधी एक दिवसाआड केली, मग बंदच केली, हे मला नंतर कळलं.

उलगडा झाला तो दातामुळे. दाढ काढायची होती, दाताच्या डॉक्टरांनी आधी पट्टा लावला, १७८/१०४. त्यांना वाटलं घाबरलेत, वीस मिनिटं शांत बसवून परत घेतलं, फारसा फरक नाही. "आज दाढ काढणार नाही, आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा" म्हणून परत पाठवलं. आणि बाबांनी तिथे माझं ॲप उघडून दाखवलं की हे बघा आज सकाळीच १२० होतं.

त्या रात्री मी बसलो ॲप घेऊन. माझ्या प्रोफाईलवर माझं बोट, ११८/७७. मग काय सुचलं कोण जाणे, प्रोफाईलमधलं वय ७० केलं, वजन वीस किलो वाढवलं, बोट तेच, माणूस तोच, पाच मिनिटांच्या आत १३१/८४. बाबांच्या प्रोफाईलवर माझं बोट ठेवलं तर बाबांचेच आकडे. म्हणजे सुरुवातीला वय, उंची, वजन विचारतात ना, आकडा तिथूनच काढतात, वर थोडं खालीवर करून देतात की खरं वाटावं. ऑक्सिजनसाठी बोटाऐवजी लाल कापड ठेवलं. ९८ टक्के. कापडाची तब्येत उत्तम.

नंतर वाचत बसलो. खरं ऑक्सिमीटर साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन उजेड वापरतं, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, आणि दोन्हींची तुलना करतं. फोनचा फ्लॅश पांढरा, आणि कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवायलाच फिल्टर बसवलेला असतो. बीपीचं तर सोडाच, पट्टा नस दाबून हळूहळू सोडतो आणि त्यातली थरथर पकडतो, इथे फोन काय दाबतोय?

अमेरिकेत हे आधीच होऊन गेलंय. इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचं ॲप २०१४-१५ मध्ये धडाक्यात खपत होतं, तपासणीत निघालं की खरोखर बीपी जास्त असलेल्या पाचातल्या जवळपास चार जणांना ते जास्त नाही म्हणून सांगतं. २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, कारवाई केली. मी हे आधी शोधलं असतं तर दोन मिनिटांत सापडलं असतं.

आईच्या शुगरसाठीही यांचंच न टोचता मोजणारं पॅकेज घ्यायचं माझं चाललं होतं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. वाचलो.

पैसे परत मागितले तर कंपनीचं उत्तर आलं, ॲप फक्त मनोरंजनासाठी आहे, अटींमध्ये लिहिलंय. खरंच लिहिलंय, सगळ्यात खाली, आणि जाहिरातीत डॉक्टरचा कोट घातलेला माणूस. ॲप डिलीट करून सबस्क्रिप्शन थांबत नाही हेही तेव्हाच कळलं, स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षीचे पैसे गुपचूप कापले जातात. स्टोअरवर रिपोर्ट केलंय, काही झालं नाही अजून.

फोनवरच्या सगळ्या तपासण्या खोट्या आहेत असं नाही म्हणत मी. फोनला जोडायची ईसीजीची पट्टी असते, ती नीट तपासून मान्यता मिळालेली आहे, पण तिथे मोजणारं यंत्र वेगळं असतं आणि फोन नुसता पडदा. यांनी माझ्याकडे पाठवलं होतं काय तर एक स्क्रीन आणि फॉर्म.

बाबांची गोळी परत सुरू झाली, डॉक्टरांनी एक वाढवली. नवीन मशीन आणलं, बाबा वहीत लिहितात सकाळ संध्याकाळ. दाढ तीन आठवड्यांनी काढली, त्या दिवशी पट्ट्यावर १३८/८६ होतं.