पोराला वाचायला लावायचे नऊ महिने : ॲप, झेरॉक्स, भिलार आणि धाकटी

जूनच्या पालकसभेत बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, मुलगा हुशार आहे पण जोडाक्षर आलं की त्याची गाडी बंद पडते, मग तो चित्र बघून पुढचं मनानंच ठोकून देतो. तिसरीत आलाय. मला वाटलं होतं पोरगं फडाफडा वाचतंय. खरं तर ते फडाफडा ठोकत होतं.

मग त्या दिवसापासून आत्ता फेब्रुवारीपर्यंत जे जे करून बघितलं त्याचा हा हिशोब. मी काही शिक्षक नाही, कराडात हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे नळाच्या कॉकचा अनुभव जसा लिहिला असता तसाच लिहितोय, गोड मानून घ्या.

आधी माप. 'प्रथम' म्हणून पोरांच्या शिक्षणात काम करणारी एक संस्था आहे, ते २००५ पासून 'असर' नावाचं सर्वेक्षण करतात, त्यात मुलाला एकच कागद देतात, त्यावर अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. बस. मराठी कागद नेटवर मिळाला, रात्री जेवण झाल्यावर पोराच्या पुढ्यात ठेवला. अक्षरं खटाखट, शब्द बरे, परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीत अडकला आणि माझ्याकडं बघायला लागला. गोष्ट तर त्यानं हातानं झाकूनच टाकली. ते बघून पोटात कसंतरी झालं. नंतर वाचलं की २०२४ च्या असरमध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच दुसरीची गोष्ट वाचू शकत होती, २०२२ ला तर २०.५ टक्के. म्हणजे वर्गात चौघांतले तिघं आमच्याच गाडीत. बरं वाटावं का वाईट ते कळेना.

पहिला प्रयोग ॲपचा. नाव घेत नाही. फुकट आहे, पोरगं मोठ्यानं वाचतं, मोबाईल ऐकतो, शब्द बरोबर आला की त्याचा रंग बदलतो आणि शेवटी चांदण्या मिळतात. पहिले दोन आठवडे तर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक प्लंबरला सांगत सुटलो होतो. चारशेच्या वर चांदण्या! तिसऱ्या आठवड्यात एकदा शेजारी बसून नीट ऐकलं तर साहेब रोज तीच पाच ओळींची गोष्ट लावत होते, पाठ झालेली, डोळे मिटून म्हणत होते, आणि चांदण्या पडत होत्या. एकदा दुकानात लोखंड कापायचं ग्राइंडर चालू झालं तर त्या आवाजालासुद्धा एक शब्द बरोबर दिला त्यानं, आईशप्पथ. आणि त्यातली बाई 'चमचा' म्हणताना तो च असा चहातल्यासारखा म्हणायची. पोरगं म्हणालं, "पप्पा, ही बया हिंदी बोलतीया." आता हे पोराला कळतंय पण वाचता येत नाही, याला काय म्हणायचं.

तरी एक कबूल करतो. सुट्या शब्दांवर अडकलेल्या पोराला ॲपचा फायदा होतो, कारण मोबाईल वैतागत नाही. मी वैतागतो. दिवसभर गिऱ्हाईक करून आल्यावर 'क्ष' सातव्यांदा चुकला की माझा आवाज चढतो आणि आवाज चढला की त्या दिवसाचं वाचन संपलं. म्हणून ॲप पूर्ण काढून टाकलं नाही, दहा मिनिटं, तेही मी शेजारी बसलो तर.

दुसरं, शाळेचा उपक्रम. महिन्यात वीस पुस्तकं वाचायची आणि वाचन डायरीत प्रत्येकाचं नाव, लेखक, दोन ओळी अभिप्राय. हेतू चांगलाच आहे, पण वीस म्हणजे वीस, मग पालकांच्या ग्रुपवर 'कुणाची डायरी पूर्ण आहे? फोटो टाका' सुरू झालं. मीपण चार नोंदी स्वतःच लिहिल्या, खोटं कशाला बोलू. पकडलो गेलो कारण एका अभिप्रायात मी 'पुस्तक मजबूत व टिकाऊ आहे' असं लिहिलेलं. बाई हसल्या फक्त. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलामांचा वाढदिवस, २०१५ पासून आपल्याकडं साजरा करतात. त्या दिवशी पोरांच्या हातात कपाटातली नवी कोरी पुस्तकं दिली, ओळीनं बसवलं, फोटो काढले, पुस्तकं परत कपाटात आणि कुलूप. पोरगं घरी येऊन म्हणालं, माझ्याकडं वाघाचं होतं, दोनच पानं झाली. मला त्या दोन पानांचं जास्त वाईट वाटलं, कारण तोपर्यंत त्याला कुठलंच पुस्तक पुढं वाचावंसं वाटलेलं नव्हतं.

आता मुख्य. स्टोरीवीव्हर. 'प्रथम बुक्स'ची वेबसाईट, नावात प्रथम असलं तरी संस्था वेगळी, २००४ ची. साईट २०१५ च्या ८ सप्टेंबरला, जागतिक साक्षरता दिनाला चालू केली. पोरांची चित्रांची पुस्तकं, ढिगानं, मराठीतपण भरपूर, सगळी फुकट. आणि नुसती वाचायला फुकट असं नाही, उतरवून घ्या, छापा, वाटा, भाषांतर करा, फक्त लिहिणाऱ्याचं आणि चित्रकाराचं नाव ठेवा. म्हणजे झेरॉक्स काढताना चोरी केल्यासारखं वाटत नाही. भाषांतर कुणीही करून टाकू शकतं म्हणून पोराला द्यायच्या आधी मी एकदा स्वतः वाचून बघतो, एवढं काम आपलं.

पण खरी कामाची गोष्ट म्हणजे पातळ्या. चार आहेत. पहिलीत अगदी सोपे शब्द, तेच तेच परत येणारे, अख्खी गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत. दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, चौथी त्याच्या वर. मी आपला शहाणा, तिसरीतला मुलगा म्हणून तिसरी पातळी काढली. बारा दिवस छळ झाला दोघांचा. मग बायको म्हणाली, अहो पाऊण इंचाच्या पाईपला एक इंची कपलिंग कशाला बसवताय. बरोबर होतं. पहिल्या पातळीवर आलो.

तर पोरगं चिडलं. "ही बारक्यांची हायती." पुस्तक उघडल्यावर एका पानावर एक ओळ आणि हत्तीचं चित्र, त्याला कळलं की आपल्याला खालच्या वर्गात बसवलंय. ढकलून दिलं. तीन दिवस हातच लावला नाही. वाचता येतंय ते लाजेपायी वाचायचं नाही आणि जे वाचायला तयार आहे ते येत नाही, अशी कोंडी. यावर मला कुठल्या ॲपमध्ये, कुठल्या उपक्रमात काही सापडलं नाही.

सुटली ती धाकटीमुळं. ती बालवाडीत आहे. एका रात्री तिला गोष्ट पाहिजे होती, आमच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला वाचायला बंदी, बायको स्वयंपाकघरात, मी फोनवर. मी सहज ओरडलो, अरे ती हत्तीची वाच की तिला. आणि वाचली. कारण आता ती 'बारक्यांची' गोष्ट बारकीसाठीच होती ना! त्याला खालची पातळी वाचायला एक कारण मिळालं, इज्जत शाबूत. हे मी काही डोकं लावून केलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम केलं. दोघांना एका सतरंजीवर बसवायचं आणि मी लांब बसून बिलं लिहायची.

आणि धाकटी म्हणजे ॲपपेक्षा कडक. तिला अक्षर येत नाही पण गोष्ट दुसऱ्यांदा ऐकताना पाठ असते. यानं एक ओळ गाळली की लगेच, "तसं न्हाय. आधी तो चिखलात पडतो." मग याला परत मागं जाऊन ती ओळ वाचायला लागते. मनानं ठोकलं की पकडला जातो. त्यात ती एकच गोष्ट सलग आठ रात्री मागते. आठव्या रात्री तो ती पाठ म्हणत होता हे मला माहितीये, ॲपमध्ये पण पाठच म्हणत होता, मग फरक काय असं तुम्ही विचाराल. फरक हा की इथं ती मध्येच बोट ठेवून विचारते "हितं काय लिहिलंय?" आणि त्याला तो शब्द बघावाच लागतो. 'गच्च' हा शब्द तो असा शिकला. पावसात गच्च भिजला. दोन दिवस घरात सगळं गच्च चाललं होतं.

छपाईबद्दल थोडं, कारण कुणीतरी विचारणारच. मोबाईलवर दाखवू नका, स्क्रीन हातात आली की गोष्ट संपायच्या आत व्हिडिओ लागतो. मी ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढतो, एका कागदावर दोन पानं, मध्ये दुमडायचं आणि स्टेपल. पहिल्या खेपेला पाठपोट छपाईत मागची बाजू उलटी आली, पोरगं दर पानाला वही फिरवून वाचत होतं, धाकटीला वाटलं तशीच असते. पुढच्या वेळी झेरॉक्सवाल्याला एक पान आधी काढून दाखवायला सांगितलं. रंगीत परवडत नाही, पण झालं चांगलंच, दोघं स्केचपेननं चित्रं रंगवत बसतात. आमच्याकडं हत्ती पोपटी आहे. नऊ महिन्यांत सगळे मिळून हजारभर रुपये गेले असतील, ट्यूशनचा एक महिनाही होत नाही त्यात.

'किशोर'चे जुने अंक पण बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, मासिक १९७१ पासून चालू आहे. पोराला अजून जड जातात, कोडी तेवढी सोडवतो. बायकोला तिच्या लहानपणीचा एक अंक सापडला तर त्या दिवशी आमटी लागली. मी काही बोललो नाही.

जानेवारीत भिलारला गेलो. पुस्तकांचं गाव, पाचगणी-महाबळेश्वरच्या मध्ये, ४ मे २०१७ ला सुरू झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वाय नावाच्या गावावरून सुचलेलं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधराएक हजार पुस्तकं ठेवलेली, आणि ठिकाणं म्हणजे बरीचशी लोकांची राहती घरं. पसरणी घाटात धाकटीनं उलटी केली, स्वेटर धुतलं, असं करत अकराला पोचलो. बाहेर पाटीवर कुठल्या प्रकारची पुस्तकं ते लिहिलेलं, आपण चप्पल काढायची आणि आत जायचं. पोरानं मला तीनदा विचारलं, "पप्पा, पैसे कुणाला द्यायचे? कुलूप कुठाय?" आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. घरातल्या आज्जी ओट्यावर मटार सोलत बसलेल्या, त्यांनी नुसतं मान वर करून बघितलं आणि परत मटार. पोरगं खिडकीखाली पालथं पडून वाचत होतं, एक पुस्तक अर्धं टाकून दुसरं, दुसरं टाकून तिसरं, मी म्हणणार होतो की पहिलं पूर्ण कर, बायकोनं डोळे मोठे केले म्हणून गप्प बसलो. दीड तास. त्यातली पूर्ण किती केली विचाराल तर दोन. डायरीत लिहायला गेलं तर लाज वाटावी असा आकडा. स्ट्रॉबेरी मात्र पाव किलो खाऊन आली दोघं.

एक सूचना, सुट्टीच्या दिवशी तिथं गर्दी असते आणि निम्मी माणसं पुस्तकाबरोबर फोटो काढून पुढं जातात. मधल्या वारी जा.

परत आल्यावर गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक पेटी केली. कल्पना आमची नाही, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 'ग्रंथ तुमच्या दारी' २००९ मध्ये सुरू केलंय, पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या जवळ ठेवायच्या आणि फिरवायच्या. आमची पेटी म्हणजे भाजीचा प्लॅस्टिक क्रेट, त्यात झेरॉक्स आणि काही विकतची पुस्तकं, दर रविवारी पुढच्या घरी. नियम एकच ठेवलाय की डायरी नाही. एका घरानं दोन पुस्तकं हरवली, एका पुस्तकाला डाळ लागलीय. चालतंय.

मागच्या आठवड्यात असरचा तोच कागद परत काढला. परिच्छेद झाला. गोष्टसुद्धा वाचली, सावकाश, दोन ठिकाणी थांबला, एका जोडाक्षराला चुकला आणि स्वतःच मागं येऊन नीट केलं. मी काही बोललो नव्हतो. वर्गात अजून मागंच आहे, गणिताची शाब्दिक उदाहरणं वाचून अजून रडतो, ते काही सुटलेलं नाही.

परवा तो स्वतः झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिसऱ्या पातळीची एक गोष्ट काढून घेऊन आला, तीच जिच्यावर जुलैत बारा दिवस घालवले होते. दप्तरात पुस्तकांच्या मधल्या कप्प्यात ठेवलीय. चार पानं झालीत म्हणे. धाकटीनं रात्री मागितली तर म्हणाला, "ही माझीय. तुला न्हाय वाचून दाखवणार."