बायोमॉडेल्समधलं फळमाशीचं घड्याळ: गोल्डबेटर 1995 चं मॉडेल कितपत कामाचं?

मे महिन्यात नागपुरात ड्रोसोफिला, म्हणजे प्रयोगशाळेतली फळमाशी, जगवणं म्हणजे डोक्याला ताप. माशीला 25 अंश लागतात, 30 च्या आसपास नर वांझ व्हायला लागतात, आणि कूलर लावला की दमट हवेनं बाटलीतल्या खाद्यावर बुरशी चढते. इन्क्युबेटर नसेल तर एमएस्सीच्या उन्हाळी प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर मॉडेल बरं पडतं. (काटोलकडच्या संत्रा बागायतदारांना छळणारी फळमाशी ती ही नव्हे. ती बॅक्ट्रोसेरा, ही पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी चिमुकली.)

बायोमॉडेल्स या फुकट संग्रहातलं बीआयओएमडी0000000016 हे मॉडेल अशा वेळी हमखास उचललं जातं. माशीच्या जैविक घड्याळातल्या पीईआर प्रथिनाचं हे गोल्डबेटर या शास्त्रज्ञाचं 1995 चं गणिती मॉडेल. चल राशी पाचच: एक आरएनए, पेशीद्रवातलं पीईआर तीन अवस्थांत (फॉस्फेट नसलेलं, एक चढलेलं, दोन चढलेले) आणि केंद्रकात शिरलेलं पीईआर, जे स्वतःच्याच जनुकाला लगाम घालतं. शिकण्यासाठी पाचपैकी साडेचार गुण. नवं भाकीत करायला घ्याल तर दोन.

‘क्युरेटेड’ या शिक्क्यावर बरेच जण भाळतात. त्याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी फाइल चालवून मूळ लेखातला आलेख तसाच निघतो हे पाहिलं आणि घटकांना नीट ओळख लावली. माशीत खरंच तसं घडतं याची हमी त्यात नाही.

चालवायला कोपासी हे सॉफ्टवेअर पुरतं. तेही फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. मॉडेलची एसबीएमएल (मॉडेल साठवायचा ठरलेला साचा) फाइल इम्पोर्ट करा आणि टाइम कोर्स, म्हणजे वेळेनुसार बदल दाखवणारा भाग, उघडा. इथंच पहिला घोळ होतो. कोपासीत कालावधी आपोआप 1 धरलेला असतो. तसाच रन दिला की जवळपास सरळ रेषा येते आणि ‘मॉडेल बिघडलंय’ अशी ओरड सुरू होते. कालावधी 120, इंटरव्हल 1200 ठेवा. वेळ तासांत आहे. अक्षावर ‘सेकंद’ दिसलं म्हणून 3600 नं गुणलं, तर आलेखाच्या जागी शाईचा पट्टा मिळेल. आलेखात कणसंख्या नको, संहती (कॉन्सन्ट्रेशन) निवडा. पहिले 48 तास सोडून शिखरांमधलं अंतर मोजा, ते 24 तासांच्या जवळ यायला हवं. आरएनएचं शिखर पीईआरच्या काही तास आधी येतं. इथपर्यंत फाइल चोख आहे.

आता ताणून बघू. कोनोपका आणि बेंझर यांनी 1971 मध्ये पीरियड जनुकाच्या (पीईआर बनवणारं ते हेच) तीन उत्परिवर्तित माश्या दाखवल्या: सुमारे 19 तासांची, सुमारे 28 तासांची आणि लयच नसलेली. लय नसलेल्या माशीत पीईआर अर्धवट तुटकं बनतं, म्हणून मॉडेलमध्ये प्रथिननिर्मितीचा दर केएस 0.38 वरून शून्य करा. लय जाते, ते ठीक. पण आरएनए वाढतच सुटतं. कारण आकड्यांतच आहे: लगाम सुटला की आरएनएची निर्मिती (व्हीएस) तासाला 0.76 मायक्रोमोलर, आणि त्याचा ऱ्हास (व्हीएम) कितीही झाला तरी 0.65 च्या पुढे जात नाही. उरलेले 0.11 दर तासाला साचत राहतात. 100 तासांत आरएनए 16 मायक्रोमोलरच्या आसपास पोचतं आणि पुढेही थांबत नाही. खऱ्या माशीत असं होत नाही. ज्या आकड्यांवर लय सुंदर येते, त्यांच्यातच ही खोट आहे.

दुसरी तपासणी व्हीडीची, म्हणजे पीईआरच्या कमाल ऱ्हासदराची. मूळ किंमत 0.95. कोपासीतल्या पॅरामीटर स्कॅननं ती थोडी खाली-वर केली की आवर्तन (दोन शिखरांमधला काळ) व्हीडीबरोबर लांबत जातं. छोट्या-मोठ्या आवर्तनाच्या माश्या यावरून समजावता येतात आणि विद्यार्थी खूश होतात. फक्त प्रयोगांत 19 तासांच्या माशीचं पीईआर लवकर नाहीसं होताना दिसतं, म्हणजे दिशा उलटी. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे लिहिलं नाही, तर जाणकार परीक्षक व्हायव्हात नेमका तिथंच बोट ठेवणार.

तापमानाचं तर विचारूच नका. दहा अंशांनी गती दुप्पट होते असं धरून दहाही दर (व्हीएस, व्हीएम, केएस, फॉस्फेट चढण्या-उतरण्याचे व्ही1 ते व्ही4, केंद्रकात ये-जा करण्याचे के1, के2, आणि व्हीडी) दुप्पट करा. मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) ‘के’च्या किमतींना हात लावू नका, ते दर नव्हेत. आवर्तन बरोबर निम्मं, सुमारे 12 तास होतं. यात नवल नाही, सगळी समीकरणं दुप्पट वेगानं पळतात इतकंच. खरी माशी मात्र तिला झेपणाऱ्या तापमानात आपलं 24 तासांचं गणित जवळपास सोडत नाही. त्यामुळे ‘विदर्भातल्या उन्हाचा जैविक घड्याळावर परिणाम’ असलं शीर्षक या मॉडेलवर टाकू नये.

उजेडाचंही तसंच. माशीत उजेडानं टीआयएम प्रथिन नष्ट होतं, आणि टीआयएम इथं नाहीच. 12 तास उजेड, 12 तास अंधार हवा म्हणून व्हीडी वर-खाली करणं ही निव्वळ जुळवाजुळव. त्यापेक्षा लेलूप-गोल्डबेटरचं बीआयओएमडी0000000021 घ्या. त्यात पीईआर-टीआयएम दोन्ही आहेत, चल राशी दहा आहेत, आणि उजेड टीआयएमच्या ऱ्हासदरातून आणता येतो. मात्र त्याच समीकरणांतून काही किमतींना अनियमित, केऑटिक आंदोलनंही निघतात. म्हणून पहिला रन देण्याआधी टीआयएमच्या आरएनए आणि प्रथिनाचे ऱ्हासदर मूळ लेखातल्या तक्त्याशी ताडून पाहा.