९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

फेब्रुवारीत रोपे तयार करण्याचा हा प्लॅस्टिकचा ट्रे धुऊन ठेवताना त्याचा काठ कोपऱ्यापासून चार बोटे तडकला, आणि विक्रेत्याने वापरलेला माल बदलून देण्यास स्पष्ट नकार दिला. ट्रे स्वस्त आहे हे मान्य. पण दर हंगामाला नवा घ्यावा लागणार असेल, तर त्या स्वस्ताईला काही अर्थ उरत नाही.

दोष नेमका काठातच आहे. भिजलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर पाणी धरून ठेवते, त्यामुळे भरलेला ट्रे एका बाजूने उचलला की सगळे वजन त्या पातळ काठावर येते. त्यात पुण्याच्या ऑक्टोबरमधील उन्हाने प्लॅस्टिक आणखी ठिसूळ होते. खाली फळी किंवा पत्रा धरूनच ट्रे हलवावा, ही सूचना विक्रेत्यांनी स्वतःहून द्यायला हवी.

माझे मत एवढ्यावरच थांबले असते. पण डिसेंबरनंतर वाफा फुलला, तेव्हाच या ट्रेची खरी उपयुक्तता लक्षात आली होती. यात चौदा कप्प्यांच्या सात ओळी असतात. माझ्या दहा फुटी वाफ्यात पंचवीस सेंटिमीटर अंतराने एका ओळीला बारा रोपे लागतात. म्हणजे ट्रेची एक ओळ एका फुलझाडाला दिली, की काही रोपे मेली तर भरून काढायला दोन जास्तीची रोपे हाताशी राहतात. कडेला वीतभर उंचीचे अ‍ॅलिसम, त्यामागे पेटुनिया, मग फ्लॉक्स आणि कॅलेंड्युला, अशी वाफ्याची आखणी बी पेरतानाच ट्रेमध्ये झालेली असते. शिवाय कॅलेंड्युला लवकर वाढतो, पेटुनिया रेंगाळतो. तरी तयार झालेले रोप मुळांच्या गड्ड्यासह अलगद निघते आणि शेजारच्या रोपाला धक्का लागत नाही.

पेटुनियाच्या धुळीसारख्या बियांसाठी तर मला याहून सोयीचे साधन दिसत नाही. ते बी उजेडात रुजते, म्हणून त्यावर कोकोपीट टाकू नये; झारीऐवजी ट्रे पाण्यात ठेवून खालूनच भिजवावा, म्हणजे बी वाहून जात नाही. पॅन्झीचे उलट आहे : तिला अंधार आणि गारवा लागतो, त्यामुळे ती ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावरच पेरावी.

लार्कस्पर आणि स्वीट पी यांच्यासाठी मात्र हा ट्रे घेऊ नये. त्यांच्या मुळांना हलवलेले सोसत नाही. ती थेट वाफ्यातच पेरलेली बरी. होलीहॉक पाच-सहा फूट वाढतो आणि त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून तोही मी मागच्या ओळीत जागेवरच लावतो.

यंदा गणपतीनंतर नवे ट्रे घेईन, ते जाड प्लॅस्टिकचेच. दुप्पट पैसे पडले तरी चालेल, मात्र दुकानातच काठ दाबून पाहिल्याशिवाय पैसे देणार नाही.